मुरणारा धातू : आल्फ्रेड विल्म यांचे जीवन व कार्य



आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील आजी अजूनही अॅल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचे पातेले म्हणत असतील. हे पातेले हलके असते, लवकर तापते आणि हातून पडले की लगेच पोचते. आता जरा विचार करा, हाच धातू विमानाच्या पंखात असतो. पडल्यावर पोचणारा धातू शेकडो माणसांचे वजन आकाशात कसा काय पेलतो? या प्रश्नाचे उत्तर ज्या माणसामुळे जगाला मिळाले तो खरोखरच जर्मन होता. त्यांचे नाव आल्फ्रेड विल्म. धातुशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव आहे, पण शाळेच्या पुस्तकांत ते सहसा येत नाही. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून देत आहे.

बालपण आणि शिक्षण

आल्फ्रेड विल्म यांचा जन्म २५ जून १८६९ रोजी सायलेशिया प्रांतातील नीडरशेलेनडॉर्फ या लहानशा गावी झाला. तेव्हा हा मुलूख प्रशियाच्या राज्यात होता, आज तो पोलंडमध्ये आहे. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी गॉटिंगेन येथे साहाय्यक म्हणून आणि पुढे एसेन शहरातील गोल्डश्मिट या प्रसिद्ध रासायनिक कारखान्यात काम केले. सन १९०१ मध्ये ते बर्लिनजवळील नॉयबाबेल्सबेर्ग येथील वैज्ञानिक-तांत्रिक संशोधन केंद्रात दाखल झाले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे काम याच जागी झाले.

त्या काळी अॅल्युमिनियम हा तसा नवा धातू होता. मातीत त्याचे प्रमाण भरपूर, पण मातीतून तो वेगळा काढणे फार कठीण. त्यामुळे एके काळी तो चांदीच्या तोलाचा महाग होता. सन १८८६ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम काढण्याची एकच रीत शोधली. हॉल तेव्हा २२ वर्षांचा होता आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे घरामागची लाकडे ठेवण्याची खोली होती. या रीतीमुळे धातू स्वस्त झाला. परंतु स्वस्त झाला तरी तो मऊच राहिला. भांडी करायला ठीक, पण यंत्राचा भार सोसण्याची ताकद त्याच्यात नव्हती.

पितळेला पर्याय हवा

जर्मनीच्या सैन्याला काडतुसांच्या नळ्यांसाठी पितळ लागत असे. पितळ जड आणि महाग. तेव्हा पितळेऐवजी अॅल्युमिनियम वापरता येईल का, हे शोधण्याचे काम विल्म यांच्याकडे आले. अट अशी की धातू हलका असावा आणि पितळेइतका मजबूतही असावा.

विल्म यांनी पोलादाकडे पाहिले. आपल्याकडे लोहार विळा किंवा कोयता लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात बुडवतो. याला पाणी देणे म्हणतात. पाणी दिल्याबरोबर पोलाद कडक होते. हीच रीत अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला लागू पडेल, अशी विल्म यांची कल्पना होती. त्यांनी अॅल्युमिनियममध्ये निरनिराळे धातू निरनिराळ्या प्रमाणात मिसळले, ते तापवले, पाण्यात विझवले आणि कठीणपणा मोजला. काही वर्षे हेच काम चालले होते. थोडीफार सुधारणा दिसे, पण काडतुसाला पुरेल इतकी ताकद काही मिळेना.

शनिवार आणि सोमवार

सन १९०६ मधील गोष्ट आहे. विल्म यांनी एक नवा मिश्रधातू तयार केला होता. त्यात सुमारे ४ टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम होते, बाकी अॅल्युमिनियम. हा धातू सुमारे ५२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात विझवण्यात आला. दिवस शनिवारचा, काम दुपारी बंद होणार. त्यांचे साहाय्यक फ्रिट्झ याब्लोन्स्की यांनी घाईघाईने थोडी मोजमापे घेतली. धातू फारसा कठीण झालेला नव्हता. उरलेली मोजमापे सोमवारवर टाकून सगळे घरी गेले.

सोमवारी तोच तुकडा पुन्हा यंत्राखाली ठेवला तेव्हा आकडा बराच वाढलेला निघाला. तुकडा तोच, यंत्र तेच, मोजणारा माणूसही तोच. कुणाच्याही मनात पहिली शंका यंत्राबद्दल येईल. यंत्र तपासले गेले, ते ठीक होते. पुन्हा नवे तुकडे तापवले, विझवले आणि ठरावीक वेळाने मोजत राहिले. तेव्हा कळले की हा धातू विझवल्याबरोबर मऊ असतो आणि मग नुसता पडून राहिला तरी आपोआप कठीण होत जातो. ही वाढ चार-पाच दिवस चालते, मग थांबते.

पोलादाच्या अगदी उलट हा प्रकार होता. पोलाद पाण्यात पडता क्षणी कडक होते. इथे पाण्याने फक्त तयारी झाली आणि खरे काम नंतरच्या शांत दिवसांत झाले. लोणचे घातल्या दिवशी चाखले तर कैरी कैरीसारखीच लागते, मुरायला काही दिवस द्यावे लागतात. विल्म यांचा धातू असाच मुरत होता. धातुशास्त्रात या क्रियेला काल-कठिनीकरण असे भारदस्त नाव आहे, पण मुरणे हा आपला घरगुती शब्द मला जास्त बोलका वाटतो.

ड्युरॅल्युमिन

विल्म यांनी सन १९०९ मध्ये या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि सन १९११ मध्ये आपले संशोधन धातुशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. धातूच्या उत्पादनाचे हक्क ड्युरेन या गावच्या धातू कारखान्याला दिले गेले. ड्युरेन आणि अॅल्युमिनियम मिळून ड्युरॅल्युमिन हे नाव तयार झाले. शुद्ध मऊ अॅल्युमिनियमच्या तुलनेत त्याची ताकद चौपटीहून अधिक होती, सौम्य पोलादाच्या जवळपास, आणि वजन मात्र पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश.

काडतुसांसाठी पितळच वापरात राहिले. ज्या कामासाठी शोध लागला ते काम बाजूला पडले, पण माणूस नुकताच उडायला शिकला होता आणि त्याला नेमका असाच धातू हवा होता. सन १९१४ पासून जर्मनीच्या झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे ड्युरॅल्युमिनचे होऊ लागले. त्यानंतर प्राध्यापक ह्यूगो युंकर्स यांनी या धातूची विमाने बांधली. त्यांचे एफ-१३ हे संपूर्ण धातूचे प्रवासी विमान २५ जून १९१९ रोजी प्रथम आकाशात उडाले. तारखेकडे लक्ष द्या. त्या दिवशी विल्म यांना ५० वर्षे पूर्ण झाली होती.

विमानांच्या कारखान्यांत या मुरण्याचा एक गमतीदार उपयोग झाला. पत्रे जोडायला रिवेट लागतात आणि रिवेट ठोकताना मऊ असावी लागते. म्हणून तापवून विझवलेल्या रिवेटी बर्फात किंवा शीतपेटीत ठेवत. थंडीत मुरण्याची क्रिया मंदावते. कारागीर लागतील तशा काढून ठोकत आणि मग त्या विमानाच्या अंगात बसल्या जागी कडक होत.

कारण पुढे कळले

विल्म यांना धातू कठीण होतो हे दिसले, पण तो का होतो याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर शनिवारचा तुकडा आणि सोमवारचा तुकडा यांत काहीच फरक दिसत नसे. पहिले समाधानकारक स्पष्टीकरण सन १९१९ मध्ये अमेरिकेतील मेरिका, वॉल्टनबर्ग आणि स्कॉट या तिघांनी दिले.

ते आपण साखरेच्या पाकावरून समजून घेऊ. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, थंड पाण्यात कमी. गरम घट्ट पाक हळूहळू निवला की जास्तीची साखर खडे होऊन खाली बसते. अॅल्युमिनियम आणि तांब्याचे नातेही असेच आहे, फक्त इथे दोन्ही घन अवस्थेत असतात. सुमारे ५४८ अंशांवर अॅल्युमिनियममध्ये साडेपाच टक्क्यांहून थोडे अधिक तांबे सामावते. नेहमीच्या तापमानाला एक टक्क्याचा छोटासा अंशही नीट सामावत नाही. धातू तापवून एकदम विझवला की तांब्याच्या अणूंना बाहेर पडायला सवड मिळत नाही, ते आत अडकून राहतात. मग दिवसेंदिवस ते हळूहळू सरकून जागोजागी लहान लहान घोळके करतात. हे असंख्य बारीक घोळके धातूच्या अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. थर घसरले नाहीत की धातू वाकत नाही, म्हणजेच तो कठीण होतो.

हे घोळके इतके लहान असतात की त्यांचा पुरावा मिळायला आणखी जवळजवळ दोन दशके लागली. सन १९३८ मध्ये फ्रान्समधील आंद्रे गिनिए आणि इंग्लंडमधील जॉर्ज प्रेस्टन यांनी, पुन्हा एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांचा माग काढला. अवघ्या एक-दोन अणूंच्या जाडीच्या त्या चकत्या होत्या.

विल्म हे ऐकायला नव्हते. त्यांनी सन १९१९ मध्येच संशोधन सोडले होते आणि सायलेशियाच्या डोंगराळ भागातील झालबेर्ग येथे जाऊन ते शेती करू लागले. तिथेच ६ ऑगस्ट १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. एका वर्षाने पुरावा हाती आला. आपल्या शोधाची विमाने जगभर उडताना त्यांनी पाहिली, पण त्या शनिवार-रविवारी धातूच्या आत नेमके काय घडले हे त्यांना कधीच पाहायला मिळाले नाही.

घरच्या ढलाईसाठी विल्म

आपल्या शाळेचे अनेक पालक पीथमपूर, देवास इथल्या कारखान्यांत काम करतात, काहींची स्वतःची छोटी वर्कशॉप आहेत. इथे ज्याला ढलाई म्हणतात त्याला मराठीत ओतकाम असा जुना शब्द आहे. वाळूच्या साच्यात अॅल्युमिनियम ओतून पुली, मूठ, ब्रॅकेट असे नग घरच्या भट्टीतही होतात. तक्रार एकच असते की नग मऊ पडतो, आटे लवकर झिजतात, चावीची खाच पसरते. विल्म यांचे काम इथे थेट उपयोगी आहे.

ड्युरॅल्युमिन मुख्यतः लाटून पत्रे करण्याचा धातू होता. ओतकामासाठी वेगळे मिश्रधातू पुढे आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तयार झालेला वाय-मिश्रधातू इंजिनाच्या पिस्टनसाठी गाजला. त्यात ४ टक्के तांबे, २ टक्के निकेल आणि दीड टक्का मॅग्नेशियम असे. आजच्या मोटारींच्या कित्येक अॅलॉय चाकांत ७ टक्के सिलिकॉन आणि सुमारे ०.३ टक्के मॅग्नेशियम असते. धातू बदलले तरी पायऱ्या विल्म यांच्याच आहेत.

पहिली पायरी तापवण्याची. चाकाच्या धातूचा नग सुमारे ५४० अंशांवर काही तास ठेवतात, म्हणजे मॅग्नेशियम नीट विरघळते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, मग आणखी तापवले तर काय बिघडले, असे वाटेल. पण तांबे असलेल्या धातूचे कणांमधले काही भाग ५४८ अंशांच्या आसपासच वितळू लागतात आणि नग कायमचा निकामी होतो. अॅल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशाराही देत नाही. म्हणून नजरेचा अंदाज इथे चालत नाही, भट्टीला तापमापक हवाच.

दुसरी पायरी लगेच पाण्यात विझवण्याची. उशीर झाला तर अणू वाटेतच बाहेर पडतात. नगाला पीळ पडू नये म्हणून बहुधा कोमट किंवा गरम पाणी घेतात. तिसरी पायरी मुरवण्याची. तांब्याचे काही मिश्रधातू नुसते ठेवूनही मुरतात. सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या ओतीव नगांना सुमारे १५५ ते १७० अंशांची मंद ऊब काही तास देतात. कारखान्यातील मंडळी या तिन्ही पायऱ्या मिळून टी-६ म्हणतात. ऊब फार वेळ दिली तर बारीक घोळके एकत्र येऊन मोठे आणि विरळ होतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. जास्त मुरलेले लोणचेही बिघडते, तसेच.

हे सारे केले तरी दोन गोष्टींवर उपाय नाही. विजेच्या तारा किंवा जुनी पातेली वितळवून नग केला, तर त्यात मुरण्याजोगे काही नसते. तो जवळजवळ शुद्ध धातू, कितीही तापवा आणि विझवा, मऊच राहणार. म्हणून कबाडी मालातून धातू घेताना जुने पिस्टन किंवा अॅलॉय चाके घेणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट म्हणजे ओतताना दमट साचा किंवा ओली वस्तू वापरली तर वितळलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो आणि नगात बारीक छिद्रे राहतात. असा सच्छिद्र नग पुन्हा ५०० अंशांच्या वर तापवला की आतला वायू फुगतो आणि पृष्ठभागावर फोड येतात.

विद्यार्थ्यांना एक सक्त सूचना. पाण्यात विझवायचा तो घट्ट झालेला नग. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये पाण्याचा थेंब जरी गेला तरी स्फोटासारखा उडतो. हे काम जाणत्या कारागिराच्या देखरेखीशिवाय मुळीच करू नये.

या विषयात एक मौजेची गोष्ट आहे. अमेरिकेतील राइट बंधूंच्या सन १९०३ च्या विमानाचे इंजिन त्यांचे मेकॅनिक चार्ल्स टेलर यांनी त्यांच्या सायकलच्या दुकानात बांधले. त्याची पेटी डेटन गावातच अॅल्युमिनियमची ओतून घेतली होती आणि तिच्यात सुमारे ८ टक्के तांबे होते. सन १९९४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या धातूचा कण तपासला तेव्हा तेच सूक्ष्म घोळके त्यात सापडले. साच्यात सावकाश निवताना ती पेटी नकळत मुरली होती. म्हणजे निसर्ग ही क्रिया विल्म यांच्याआधीच करत होता. विल्म आणि याब्लोन्स्की यांनी ती ओळखली, तिचे नियम बसवले आणि हवी तेव्हा घडवून आणण्याची रीत दिली.

आपण काय घ्यावे

शनिवारचे मोजमाप चुकीचे नव्हते, ते फक्त लवकर घेतलेले होते. याब्लोन्स्की यांनी त्या दिवशी तुकडा नापास म्हणून फेकून दिला असता, तर कागदावर त्यांचा निर्णय बरोबरच दिसला असता. परीक्षेच्या निकालानंतर पालक जेव्हा गुणपत्रक घेऊन माझ्यासमोर बसतात आणि मूल शेजारी मान खाली घालून उभे असते, तेव्हा मला हा तुकडा आठवतो. गुणपत्रकातील आकडा खरा असतो. पण तो कोणत्या दिवशीचा आहे हेही त्यावर लिहिलेले असते.

यातून असा अर्थ कुणी काढू नये की काही न करता नुसते बसून राहिले की सगळे आपोआप होते. विल्म यांच्या धातूची आधी योग्य घडण झाली, तो योग्य आचेवर तापला, वेळेवर विझला आणि मगच विश्रांती त्याच्या कामी आली. अभ्यास, सराव आणि शिस्त यांना पर्याय नाही. पण ते सर्व करूनही लगेच फळ दिसले नाही, तर तुकडा फेकू नये. दोन दिवसांनी पुन्हा मोजावा.

या सत्रापासून प्रयोगशाळेच्या वहीत प्रत्येक मोजमापासमोर तारीख आणि वेळ लिहिण्याचा नियम आपण करत आहोत. वेळ लिहिलेली नसेल, तर काही बदलले आहे हे कळायला मार्गच उरत नाही. विद्यार्थ्यांनी ही सवय लावून घ्यावी आणि पालकांनीही घरी आपल्या पाल्याची प्रगती पाहताना तिचा उपयोग करावा, ही विनंती.

– प्राचार्य